ओलं पोतं

माझा दादा चोर आहे की नाही, हे मला एका लॅपटॉपवरून शोधायचं होतं. मला तसं कोणी सांगितलं नव्हतं. पण मी शोधलं नसतं तर दुसऱ्या कोणीतरी ठरवून टाकलंच असतं, आणि तेही ट्रक स्टँडवर, चहाच्या टपरीसमोर, चारचौघांत.

दादा ट्रक चालवायचा. गाडी मालकाची, मोठी, नव्या नियमांची. म्हणजे जिच्यात डिझेलच्या टाकीशेजारी युरियाची वेगळी टाकी असते, साध्या सायलेन्सरच्या जागी धूर स्वच्छ करणारा मोठा डबा असतो आणि त्या डब्यावर जागोजागी सेन्सर असतात. युरियात पाणी मिसळलं, किंवा एखादा सेन्सर बिघडला, की डॅशबोर्डवर पिवळी लाइट लागते. तिच्याकडे दुर्लक्ष केलं तर गाडी स्वतःच आपली ताकद कमी करून घेते. मग ॲक्सिलेटर फरशीला टेकवा नाहीतर हात जोडा, गाडी रखडतच चालणार. जुने ड्रायव्हर अशा गाड्यांना शिव्या देतात. मी देत नाही, कारण माझं पोट त्यांच्यावर चालतं.

मी यवतमाळातल्या एका वर्कशॉपात होते. आयटीआय केलं डिझेल मेकॅनिकचं, आणि पुढे स्कॅनर लावून बिघाड शोधायचं काम माझ्याकडेच आलं. पोरगी गाडीखाली शिरते म्हणून सुरुवातीला लोक बघायला थांबत. मी एकदा एकाच्या हातात ग्रीसचा डबा दिला आणि म्हटलं, उभेच आहात तं धरा. तेव्हापासून थांबायचे बंद झाले.

दादाची गाडी वर्कशॉपात येऊ लागली ती कापसाच्या हंगामात. दर वेळी तोच बिघाड: धुराचा शेवटचा सेन्सर, जो पार मागे, पाइपाच्या तोंडाजवळ असतो, तो मेलेला. नवा बसवला की गाडी एकदम बरी. चंद्रपूरकडून सिमेंटच्या गोण्या आणायची, चढ चढायची, काही तक्रार नाही. मग जिनिंगमधल्या, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्यातल्या, रुईच्या गाठी भरायला मुकुटबनकडे गेली की परतताना लाइट लागलीच. सेन्सर पुन्हा मेलेला. मी वायरिंग तपासलं, जोडण्या उघडून पाहिल्या, युरिया मापून पाहिला. युरिया चांगला होता.

मालकाला ते पटेना. तो वर्कशॉपात आला, माझ्या टेबलापाशी उभा राहिला.

"युरिया चांगला आहे तं सेन्सर काहून मरते?"

"तेच पाहून राह्यली मी."

"तू काय पाह्यशील? तुया भाऊ आहे तो. सिमेंटात काही होत नाही, कापसातच होते. त्या रस्त्यावर धाब्यावर युरिया विकला जाते, हे मले माहीत नाही काय? अर्धा विकते अन् पाणी टाकून टाकी भरते. लोकायनं पाह्यलं त्याले, गाडीच्या मागं पाण्याची कॅन घेऊन जाताना."

मी म्हटलं, पाणी असतं तर माझ्या मापात आलं असतं. तो म्हणाला, गाडी तुझ्याकडे यायच्या आधी तो टाकी धुऊन भरत असेल. अशा माणसाला काय सांगणार. जाताना तो दाराशी थांबून म्हणाला, "आणखी एकदा लाइट लागली तं चावी इथं ठेवायची. अन् काहून काढला ते मी स्टँडवर सगळ्याले सांगीन."

त्या सालांत चावी ठेवणं म्हणजे काय ते सांगायला हवं. कापसाचं काही खरं राहिलं नव्हतं. बोंडअळीनं उभी पऱ्हाटी पोखरली होती, उरलेल्याला भाव नव्हता. भाव येईल म्हणून लोक कापूस घरात भरून ठेवत, त्याच्यावरच झोपत, अंगभर खाज सुटली तरी विकत नसत. मग धीर सुटला की सगळे एकदमच बाहेर काढत. जिनिंग थोडेच दिवस चालत आणि चालत तेव्हा आवारात पाय ठेवायला जागा नसे. गाड्यांना काम कमी, ड्रायव्हर पुष्कळ. युरियाचोर म्हणून एकदा नाव झालेल्या माणसाला कोणी स्टेअरिंगला हात लावू देणार नव्हतं. दादाला दुसरं काहीही येत नव्हतं.

आणि दादा होता मूग गिळून बसणारा. मी घरी आल्यावर भांडले त्याच्याशी.

"तू बोलत काहून नाही त्याले? चोर म्हणून राह्यला तो तुले."

"मी नाही टाकलं पाणी," एवढं म्हणून तो जेवत राहिला.

"कॅनचं काय आहे मग?"

"पाणी लागते रस्त्यात."

बस्स. अशा वेळी मला त्याच्या ताटात पाणी ओतावंसं वाटायचं. बाबा कोपऱ्यात पोतं शिवत बसले होते. 

बाबांबद्दल सांगते. बाबाही ड्रायव्हर होते. मी लहान असताना कापसानं भरलेल्या पोत्यांची गाडी घेऊन ते एका जिनिंगात शिरले. तेव्हाचा रिवाज असा, आणि अजूनही आहे, की जिनिंगच्या गेटावर गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडाला ओलं पोतं बांधायचं, म्हणजे आतून ठिणगी उडाली तरी बाहेर पडत नाही. त्या दिवशी गेटावरची टाकी कोरडी होती आणि मागे गाड्यांची रांग बोंबलत होती. बाबा पोतं न बांधताच आत गेले. ठिणगी उडाली. जीव कोणाचा गेला नाही, कारण बाबांनी पेटलेली पोती हातांनी ओढून ओढून बाहेर फेकली. त्यांची बोटं त्यानंतर अर्धवट वळलेलीच राहिली. मूठ होत नाही. स्टेअरिंग सुटलं ते सुटलंच.

तेव्हापासून त्यांचं एकच: "पोतं बांधलं असतं तं." हंगाम आला की ते दादासाठी पोतं शिवायचे. दोन-तीन थरांचं, सुतळीनं ताणून, दाभण अंगठा आणि तळवा यांच्यात धरून. एवढं एक काम त्या हातांनी होत असे, आणि ते दुसऱ्या कोणाला करू देत नसत.

मी सुट्टी टाकली आणि पुढच्या खेपेला दादाबरोबर निघाले. वर्कशॉपात सांगितलं, गाडी चालू असताना आकडे बघायचे आहेत. खरंही होतं. पण मी दादाला बघायला चालले होते, हेही खरं होतं. आपल्याच भावावर पाळत ठेवायची म्हणजे काय असतं ते मी त्या दिवशी भोगलं. 

पांढरकवड्याला सिमेंट उतरवलं आणि गाडी मुकुटबनच्या रस्त्याला लावली. लॅपटॉप माझ्या मांडीवर, त्याची वायर स्टेअरिंगखालच्या जोडणीत. पडद्यावर त्या शेवटच्या सेन्सरची रेघ शांत चालली होती. सागाची झाडं मागे पडत होती. दादा गाणी लावत होता, बंद करत होता.

एका हातपंपापाशी त्यानं गाडी बाजूला घेतली. सीटमागून प्लास्टिकची कॅन काढली, खाली उतरला आणि पंप हाणू लागला.  कॅन भरून तो गाडीच्या मागच्या बाजूनं आला. युरियाची टाकी त्याच बाजूला असते. मी आरशात बघत होते. तो टाकीपाशी आला, टाकीपाशी थांबला, चप्पल झटकली आणि पुढे निघाला. कॅन त्यानं पायाशी ठेवली आणि गाडी सुरू केली.

"कायले भरलं पाणी?" मी विचारलं. 

"लागते," तो म्हणाला.

मी पुढे विचारलं नाही. विचारलं असतं तर रडले असते.

थोड्या वेळानं डॅशबोर्डवर एक वेगळी लाइट लागली, आगीची खूण असलेली. ती बिघाडाची नव्हे. या गाड्यांच्या डब्यात काजळी साठली की गाडी ती आपोआप जाळते आणि मागून निघणारी हवा त्या वेळी फार तापलेली असते, एवढंच सांगायला ती लाइट असते. रस्त्यावर त्यात काही धोका नाही. दादाला विचारलं, ही लागते का नेहमी. म्हणाला, लागते अन् जाते. मला तरी त्या वेळी त्यात काही वावगं दिसलं नाही. माझं सगळं लक्ष त्या कॅनकडे होतं.

जिनिंगच्या गेटावर गाड्यांची ही मोठी रांग. आत दोन्ही बाजूंना कापसाच्या गंज्या, मधून गाडी जाईल एवढीच वाट. वाऱ्यावर कापसाचे पुंजके उडत होते आणि तारेच्या कुंपणाला चिकटत होते. रांग सरकत होती म्हणून दादानं इंजिन चालू ठेवलं, सीटमागचं पोतं घेतलं, कॅन उचलली आणि उतरला. मी पडद्याकडे बघत बसले. जन्मापासून बघितलेली गोष्ट होती ती, तिच्याकडे काय बघायचं?

रेघ उसळली. मग आडवी पडली. पिवळी लाइट लागली.

मी आरशात पाहिलं. दादानं पोतं पाइपाच्या तोंडाला गुंडाळलं होतं, त्याचा एक कोपरा तोंडात खुपसला होता आणि वरून कॅन ओतत होता. पाणी आत ओघळत होतं. वाफेचा लोट उठला होता.

त्या सेन्सरच्या टोकाला चिनी मातीसारखी नाजूक पट्टी असते आणि गाडी चालू असताना ती लाल होईपर्यंत तापते. तिच्यावर गार पाण्याचा थेंब पडला की तडा जातो. जुन्या गाड्यांत तिथं नुसतं लोखंड होतं, ते सगळं सोसायचं. म्हणजे मालक म्हणत होता ते अर्धं बरोबर होतं. दादा पाणी टाकत होता. फक्त युरियात टाकत नव्हता. गेटावरची टाकी कोरडी असेल या भीतीनं तो आपलं पाणी बरोबर नेत होता. बाबांच्या त्या दिवसापासून आमच्या घरात कोणी कोरड्या टाकीवर विश्वास ठेवत नव्हतं.

माझा दादा चोर नव्हता. मला हसू आलं, एकटीच कॅबिनमध्ये बसून हसले. दादा पावती घेऊन वजनकाट्याकडे गेला होता. मागच्यानं हॉर्न वाजवला म्हणून मी ड्रायव्हरच्या सीटवर सरकले आणि गाडी आत घेतली, दोन गंज्यांच्या मधोमध.

तेव्हा ती दुसरी लाइट दिसली. आगीची खूण. ती अजून चालूच होती.

गाडी थांबली तरी मागची हवा लगेच निवत नाही. मी आरशात पाहिलं. वाफ थांबली होती. पोतं वाळलं होतं, आणि त्याच्यातून निघत होतं ते वाफेसारखं पांढरं नव्हतं. पिवळसर होतं, बारीक.

मी इंजिन बंद केलं आणि उडी मारली. किती वेळ लागला ते मला सांगता येणार नाही. पोत्याच्या कडेनं विडीच्या टोकासारखी लाल रेघ सरकत होती. ज्वाळा नव्हती. पण वारा होता आणि हातभर अंतरावर माणसाच्या उंचीच्या वर कापूस होता. सुतळीची गाठ सुटेना. बाबांनी शिकवलेली गाठ, ती अशी सहजी सुटतच नाही. मी ओरबाडली. पोतं हातात आलं आणि आता टाकायचं कुठे ते कळेना, कारण खाली जमिनीवरही सगळीकडे कापसाचे पुंजकेच होते. जळती कड आत दुमडून, छातीशी धरून मी पळाले.

दादानं काट्यापासून मला येताना पाहिलं.  धावत आला, माझ्या हातून पोतं हिसकावलं आणि आगीसाठी भरून ठेवलेल्या हौदात दोन्ही हातांनी खाली दाबून धरलं. बुडबुडे थांबले तरी सोडेना. मुकादमानं वाळूच्या बादल्या आणल्या, गाडीमागची जागा झाकली, आम्हा दोघांना पोटभर शिव्या घातल्या. त्या आम्ही मुकाट्यानं खाल्ल्या. माझा तळवा भाजून फोड आले होते, ते मला तेव्हा दिसले.

हौदाच्या कठड्यावर बसून मी दादाला सगळं समजावलं. सेन्सर का मरतो ते, आणि पोतं का पेटलं ते. नव्या गाडीतून ठिणगी उडत नाही, उडायच्या आधीच डब्यात अडकते. भीती आहे ती गरमीची. ती काजळी जाळणं थांबवायचं बटण गाडीतच आहे, गेटाच्या बरंच आधी दाबायचं, गाडी निवू द्यायची, मग आत शिरायचं. पाइपाला काही म्हणजे काही बांधायचं नाही. माझ्याकडे रेघेची नोंद आहे, मालकाच्या तोंडावर मारते.

दादानं हौदातलं पोतं बाहेर काढून मांडीवर घेतलं.

"मालकाले सांग सेन्सरच खराब येते कंपनीतून," तो म्हणाला. "पोत्याचं नको सांगू. बाबाच्या कानावर जाईन."

"येडा झाला का? मग तू चोरच राह्यशील."

"राहू दे. बाबाच्या हाताचं पोतं आहे ते. त्याच्यानंच आग लागणार होती, हे कोणत्या तोंडानं सांगू त्यायले?"

मला असा राग आला. एवढं मी जीव धोक्यात घालून शोधलं आणि हा शहाणा आयुष्यभर चोर म्हणून मिरवायला तयार. मी म्हटलं, "वा रे माह्या गुणाच्या दादा."  पण मलाही ते तोंड नव्हतं.

घरी जाताना ठरलं की बाबांना सांगायचं, गरम पाइपाला हात लागला. मी तळव्याला रुमाल गुंडाळला होता. बाबा ओट्यावर बसले होते. म्हणाले, दाखव. मी दाखवला. त्यांनी माझा हात आपल्या वाकड्या बोटांत घेतला, उजेडाकडे फिरवला, फोडांवरून अंगठा नेला.

"काय लागलं?"

"पाइप. गाडीचा."

"लोखंड लागलं की पट्टा पडते," ते म्हणाले. "हे पोत्यानं भाजलं. तागाची जाळी उठली आहे पाह्य ना, तळव्यावर." आणि त्यांनी स्वतःचा तळवा माझ्या तळव्याशेजारी धरला.

दादा उठून घरात जायला निघाला. "बस," बाबा म्हणाले. तो बसला. मग मी सगळं सांगितलं, एक शब्द न गाळता, आणि सांगताना बाबांकडे बघितलं नाही. वस्तीतल्या बुद्धविहाराच्या मागच्या गल्लीत पोरं क्रिकेट खेळत होती, त्यांचा आरडाओरडा तेवढा येत होता.

बाबांनी एकच विचारलं. "बांधलं नाही, तरी ठिणगी उडत नाही? पक्कं?"

"पक्कं, बाबा."

"मालकाले सांग मग. पोत्याचंही सांग."

मालकानं लॅपटॉपवर रेघ बघितली, काही मिनिटं पडद्याशी नाक लावून बसला आणि नवा सेन्सर मागवायला सांगितलं. माफी वगैरे काही नाही. पण चावी दादाकडेच राहिली, आणि स्टँडवर कोणी काही बोललं नाही. मला त्याची माफी नकोही होती. हवी होती, खरं सांगायचं तर, पण ते जाऊ द्या.

पुढच्या कापसाच्या खेपेला बाबा सकाळीच कपडे घालून ओट्यावर बसलेले. मी येतो म्हणाले. त्या आगीनंतर त्यांनी कोणत्याही जिनिंगच्या गेटाच्या आत पाऊल टाकलं नव्हतं. हातात पोतं होतं, नवं शिवलेलं. दादानं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, बसू दे.

हातपंपापाशी बाबांनी गाडी थांबवायला लावली आणि पोतं निथळेपर्यंत भिजवून आणायला सांगितलं. दादा भिजवून आला. बाबांनी ते मांडीवर घेतलं. दादानं गेटाच्या खूप आधी बटण दाबलं आणि रस्त्याच्या कडेला गाडी निवत ठेवली. 

गेटावर चौकीदारानं पाइपाकडे बोट दाखवलं. "पोतं?"

दादानं तोंड उघडायच्या आत बाबा खिडकीतून वाकले. चौकीदार त्यांना ओळखत होता. तिकडे सगळेच त्यांना हातांवरून ओळखतात.

"नाही बांधायचं," बाबा म्हणाले. "नवी गाडी आहे. बांधलं तं पेटते. माही पोट्टी सांगून राह्यली."

चौकीदार बाबांच्या हातांकडे बघत राहिला, मग त्यानं गेटाचा आडवा बांबू वर केला.

गाठी चढेपर्यंत बाबा आरशावरची नजर काढेनात. ओलं पोतं त्यांनी दोन्ही मनगटांखाली दाबून धरलं होतं, पायजमा भिजून पाणी सीटवरून खाली ओघळत होतं. मी म्हटलं, बाबा, खाली ठेवा ते. म्हणाले, असू दे. गाडी भरली, काटा झाला, गेटाबाहेर आली, रस्त्याला लागली. लाइट लागली नाही. पहिला चढ चढलो तरी नाही. तेव्हा कुठे बाबांनी मान टेकवली आणि पोतं माझ्याकडे सरकवलं.

"पिळून घे," म्हणाले.

त्यांची मूठ वळत नाही. माझ्या हाताची नवी कातडी अजून ओढत होती, तरी मी खिडकीबाहेर हात काढून ते पिळलं.